भाऊ, चूक सांगा, पण माइकवर नको

पत्र

ताई, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. वय ६६, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वाचनाचा नाद शाळेपासूनचा. एका लेखिकेची पुस्तकं मी पंचवीस-तीस वर्षांपासून वाचतो. आठ पुस्तकं घरी आहेत. त्यातलं एक रद्दीच्या दुकानातून घेतलेलं, त्यावर कोण्या वाचनालयाचा शिक्का आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या यवतमाळला येत आहेत. पाच वाजता मुलाखत, मग वाचकांचे प्रश्न आणि शेवटी पुस्तकांवर सह्या. पेपरात वाचल्यापासून मला झोप नाही.

अडचणी लिहितो. तेव्हा कापसाचा दुसरा वेचा सुरू राहील, माणसं मिळत नाहीत. घाटंजीवरून आमच्या गावची मुक्कामी गाडी साडेसातला सुटते, ती चुकली तर रात्र बाहेर. (यवतमाळला मेहुणा आहे, पण एका लग्नातल्या मानपानावरून आमचं बोलणं बंद आहे.) मुलगा म्हणतो, 'सहीनं का सातबारा कोरा होते, बाबा?' मला तिथल्या लोकांसारखं शुद्ध बोलता येत नाही. त्यांच्यासमोर उभा राहिलो तर तोंडातून शब्दच निघणार नाही. पाया पडावं का? घरची पाच किलो तूरडाळ नेली तर चालेल का?

आणि एक गोष्ट. त्यांच्या एका कादंबरीत चूक आहे. आर्णीकडच्या गावची कथा आहे. नायिका पोळ्याच्या दिवशी सकाळी कापूस वेचायला जाते आणि दुपारी गाठोडी बैलगाडीत टाकून घरी आणते. मी रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचतो, घरची ऐकते. तिला वाचता येत नाही. ती तूर निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, 'अवो, पोयाच्या दिशी कापूस कोन येचते? अन् बैल कोन जुपते?' तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. त्यांना सांगावं का? सांगितलं तर अपमान होईल का? न सांगता सही घेतली तर मलाच खोटं वाटेल. काय करू?

— एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रात प्रश्न भरपूर आहेत. गाडीचा, डाळीचा, मेहुण्याचा. पण झोप उडाली ती शेवटच्या प्रश्नानं, हे वाचणाऱ्या कुणालाही कळेल. म्हणून आधी तोच घेते.

लेखिकेचं नाव तुम्ही लिहिलं होतं, कादंबरीचंही लिहिलं होतं. दोन्ही मी छापत नाही. ही गोष्ट त्यांना तुमच्याकडून कळावी, सदरातून नको.

चूक आहे, आणि ती एक नाही. एका दिवसात तीन आहेत. मृगाच्या पावसावर टोबलेली कपाशी पोळ्याला पात्या-फुलांवर असते. खाली बोंडं धरली असली तरी हिरवी, टणक. पहिलं बोंड फुटतं ते दसऱ्याच्या आगेमागे, आणि सीतादही, म्हणजे पहिल्या वेच्याआधीची वावरातली पूजा, करून खऱ्या अर्थानं वेचा सुरू होईतो दिवाळी तोंडावर आलेली असते. ही झाली एक. दुसरी म्हणजे सणाच्या दिवशी सकाळी घरधनीण वावरात कशाला जाईल? त्या दिवशी चुलीसमोरून उठायला फुरसत नसते. आणि तिसरी बैलांची. आदल्या संध्याकाळी ज्याचे खांदे शेकले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं ज्याच्या कानात सांगितलं, त्याच्याच मानेवर दुसऱ्या दिवशी जू ठेवणारा माणूस आर्णीत काय, अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. वहिनींनी एका वाक्यात दोन चुका धरल्या. संपादकाला महिनाभर हस्तलिखित हाताशी असून एकही धरता आली नाही.

तरी सांगायच्या आधी एक काम करा. ते पान पुन्हा वाचा, आणि त्याच्या आधीची चार-पाच पानंही. कथा खरोखर आर्णीकडेच आहे ना, की नायिका माहेरी गेलेली आहे? खानदेशात पाण्याची सोय असलेले शेतकरी मे महिन्यातच कपाशी लावतात, त्यांचा कापूस आपल्यापेक्षा लवकर घरात येतो. ते माहेर असेल तर कापसाचा मुद्दा थोडा पातळ होतो, बैलांचा होत नाही. किंवा तो तिला आठवलेला, स्वप्नात दिसलेला दिवस आहे का? मोठ्यानं वाचताना कधीकधी एखादी ओळ गळते. तुम्ही गाळली असेल असं मी म्हणत नाही. पण चूक सांगणाऱ्याचं पान पाठ पाहिजे.

पान पक्कं झालं की सांगा. नक्की सांगा. पुस्तकं वर्षानुवर्षं उभी असतात, आणि छापलेली चूकही तेवढीच वर्षं उभी असते. मराठी कादंबरीची एक आवृत्ती साधारण हजाराच्या आतबाहेर प्रतींची. ती संपून दुसरी निघाली तर लेखकाला दुरुस्तीची जागा मिळते. पण दुरुस्ती कुणी सुचवली तर ना. बहुतेक वाचक दोन टोकांचे असतात. एक टोक लेखकाचं काहीच चुकत नाही म्हणणारं, दुसरं एवढ्याशा चुकीवरून पुस्तक मिटून ठेवणारं आणि गावभर 'यांना शेतीतलं काय कळतं' म्हणत फिरणारं. तुम्ही दोन्हीत नाही. तुम्हाला पुस्तक आवडतं आणि तरी ते पान टोचतं. लेखकाला असा वाचक क्वचित भेटतो, आणि भेटला तरी तो बहुधा मागच्या रांगेत बसून गप्प राहतो.

आता कुठं सांगायचं. माइकवर नको, भाऊ.

प्रश्नोत्तरांत काय होतं ते मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. सूत्रसंचालक म्हणतो, 'कुणाला काही विचारायचं असेल तर...' दोन मिनिटं कुणी उठत नाही. मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठतात आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी स्वतःच्या कवितासंग्रहाबद्दल सांगतात. तिसऱ्या माणसापर्यंत हॉल कंटाळलेला असतो. अशात तुम्ही उठून 'पोळ्याच्या दिवशी कापूस कोण वेचतं?' म्हणालात तर हॉल जागा होईल, हशा पिकेल, टाळ्याही पडतील. त्या टाळ्या तुमच्यासाठी असतील, आणि लेखिकेला बचावाला उभं राहावं लागेल. मग त्या म्हणतील, कादंबरी म्हणजे शेतीचं पंचांग नव्हे. तेही खरंच. पण त्या भांडणात पान ११२ का काय ते तिथंच राहील. तुम्हाला टाळ्या नकोत, पान दुरुस्त व्हायला पाहिजे. म्हणून कागदावर द्या.

वहीचं एक पान घ्या. त्यावर पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक लिहा. आवृत्ती आणि वर्ष शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला असतं, प्रकाशकाच्या पत्त्याच्या आसपास. खाली चार ओळी: आमच्याकडे कोरडवाहू कपाशी कधी लावतात, पोळ्याला ती कशी असते, वेचा कधी लागतो, पोळ्याला बैलाचं काय करतात. त्याच्याखाली तुमचं नाव, गाव आणि फोन. वाटलंच तर एवढं लिहा की आणखी काही विचारायचं असल्यास कधीही फोन करा. 'आपली चूक झाली आहे' असं लिहू नका. ते न लिहिताही कळतं. कागदाची घडी करून त्यांच्या हातात द्या आणि तोंडानं फक्त 'घरी गेल्यावर वाचा' म्हणा. सहीच्या रांगेत तुमच्या मागं वीस जण उभे असतील, तिथं शेती समजावत बसलात तर संयोजक तुमच्या खांद्यावर हात ठेवून तुम्हाला पुढं सरकवेल. मोठ्या प्रेमानं सरकवेल, पण सरकवेलच.

कागद देता आला नाही तर प्रकाशकाच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा, पाकिटावर 'लेखिकेस द्यावे' असं ठळक लिहून. प्रकाशक अशी पत्रं पुढं पाठवतात. लगेच पाठवतीलच असं नाही, पण पाठवतात.

आणि भाऊ, पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चूक तुम्ही काढलेली नाही, वहिनींनी काढली. आठही पुस्तकं तुम्ही वाचली तशी त्यांनी ऐकली आहेत. म्हणजे त्या लेखिकेचे वाचक तुमच्या घरात दोन आहेत, आणि यवतमाळला जायच्या गोष्टीत तुम्ही एकाचंच नाव लिहिलंय. 'घरची ऐकते' यापलीकडे त्यांना यायचं आहे का, याबद्दल पत्रात अक्षर नाही. विचारा. 'तिथं तिला काय समजणार' असं मनात आलं असेल तर संपादकाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

त्या आल्या तर सहीच्या टेबलाशी बोलायचा तुमचा प्रश्नही सुटतो. तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाही तरी त्यांच्या फुटेल. माझा अंदाज आहे, लेखिकेला दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा 'हे रात्री वाचतात, मी आयकतो' हे वाक्य जास्त दिवस आठवेल. अर्थात, हे वाक्य वहिनींना पाठ करून देऊ नका. त्यांना जे म्हणायचं ते त्या म्हणतील.

दुसरा फायदा रात्रीच्या मुक्कामाचा. तुमचा मेहुणा म्हणजे वहिनींचा भाऊ. तुमचं त्याच्याशी बोलणं बंद आहे, त्यांचं नसणार. बहीण घरी आली तर भाऊ दाराला कडी लावत नाही, आणि बहिणीसोबत आलेल्या जावयाला चहा विचारावाच लागतो. मानपानाचं भांडण काय होतं ते मला माहीत नाही, ते मिटवायचं काम या सदराचं नाही. रात्रीपुरतं अंथरूण मिळालं तरी साडेसातच्या मुक्कामी गाडीचं टेन्शन गेलं.

कारण ते टेन्शन खरं आहे. पाचचा कार्यक्रम पाचला सुरू होत नाही. पाहुण्यांचं आगमन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. प्रास्ताविक करणारा तर स्वतः अर्धा तास बोलतो. मुलाखत सुरू होईतो सहा वाजतात. सह्या आभारप्रदर्शनानंतर, म्हणजे आठच्या पुढं. तोवर तुमची गाडी घाटंजीहून सुटून गावात पोहोचलेली असेल आणि ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला बसलेले असतील. 'थोडं ऐकून निघतो' असा विचार असेल तर तो सोडा. अर्धी मुलाखत, सही नाही आणि कागदही खिशातच, अशी गत होईल.

मुक्काम जमलाच नाही तर एक वाट आहे. बातमीत संयोजकांचा फोन असतोच, नसेल तर कार्यक्रम ज्या वाचनालयात आहे तिथं विचारा. सरळ सांगा: घाटंजी तालुक्यातून येतो, शेवटची गाडी आहे, कार्यक्रमाच्या आधी सही मिळेल का? छोट्या शहरातले पाहुणे बहुधा तासभर आधी येतात आणि ग्रंथपालाच्या खोलीत चहा घेत बसलेले असतात. तेव्हा गर्दी नसते, माइक नसतो, घाई नसते. खरं तर भेटायला तीच वेळ चांगली. मुक्काम असला तरी आधीच जा, असंच मी म्हणेन. पण फोन न करता थेट खोलीत शिरू नका. पाहुणा तेव्हा प्रवासातून आलेला असतो. पुण्याहून येणारा माणूस धामणगाव नाही तर वर्ध्याला रात्रीची गाडी सोडून पुढं मोटारनं येतो, त्याला तोंड धुवायलाही वेळ मिळालेला नसतो.

भाषेचं लिहिलंत. तिथल्यासारखं शुद्ध बोलता येत नाही म्हणालात. भाऊ, लेखिकेनं आर्णीकडची कादंबरी लिहिली ती तिथलं बोलणं कानावर पडावं म्हणून. तिच्या पानावर वऱ्हाडी चालते आणि तुमच्या तोंडी चालत नाही, असं कसं होईल? मराठीतलं आद्य गद्य रिद्धपुरात लिहिलं गेलं, तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. तेव्हा विदर्भातल्या माणसानं मराठी बोलताना दबून बोलायचं कारण मला आजवर कळलेलं नाही. आणि साहित्याचे कार्यक्रम शेतकऱ्याचे नाहीत असं वाटत असेल तर २०१९ चं यवतमाळ आठवा. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तुमच्याच जिल्ह्यात भरलं. आधी ठरलेल्या उद्घाटकांचं निमंत्रण मागं घेतल्यावरून महाराष्ट्रभर वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते तुमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकरी स्त्रीनं, जिच्या नवऱ्यानं आत्महत्या केली होती तिनं. संयोजकांनी गोंधळातून काढलेली ती वाट होती, हे खरं. पण त्या मांडवात बसलेल्यांना तिचं बोलणं आठवतं. बाकीच्या भाषणांचं मी खात्रीनं सांगत नाही.

काय बोलावं हे सुचत नसेल तर स्तुती बाजूला ठेवा. 'तुमचं सगळं वाचलंय, फार छान लिहिता' हे त्या दिवशी त्यांना पन्नास जण म्हणतील, त्या पन्नास वेळा 'धन्यवाद' म्हणतील आणि कुणाचाच चेहरा त्यांना आठवणार नाही. आठ पुस्तकांतला एक प्रसंग निवडा, जो वाचताना तुम्ही थांबला होतात, पुस्तक उलटं मांडीवर ठेवलं होतंत. तेवढाच सांगा. 'अमक्या पुस्तकात सासरा विहिरीवर बसतो ते पान मी दोनदा वाचलं,' असलं काहीतरी. एवढं पुरे. पंचवीस-तीस वर्षांचा हिशोब तिथं मांडायचा नसतो. पुढचं त्या विचारतील. नाही विचारलं तर नाही.

नाही विचारलं तर, हेही मनाशी धरून जा. सहीच्या टेबलाशी लेखक थकलेला असतो. हिरव्या चादरीवर हारांचा ढीग, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी खिशातून मागून आणलेलं आणि मधेच अडणारं पेन. आणि समोर हात, फक्त हात. वर न बघता 'नाव?' असं विचारून सही करून पुस्तक सरकवलेलं मी पाहिलंय, आणि रांगेतला माणूस तोंड पाडून बाहेर आलेलाही पाहिलाय. एखादा लेखक खरंच फटकळ असतो, एखाद्याची फक्त कंबर दुखत असते. दोन्ही वेळा पुस्तक तेच राहतं. तुम्ही तीस वर्षं ज्या बाईशी रात्री बोलत आलात ती पानांत आहे. टेबलामागची बाई तिच्यासारखी निघाली तर आनंद, नाही निघाली तर आठ पुस्तकं कुठं जात नाहीत.

पुस्तकं आठही नेऊ नका. रांगेतल्या लोकांच्या शिव्या बसतील. दोन न्या. एक तुमच्या सगळ्यात आवडीचं, आणि दुसरं ते शिक्क्याचं. हो, तेच. त्याची लाज बाळगू नका, पण आधी एक तपासा. वाचनालयानं जुनं पुस्तक काढून टाकलं असेल, ज्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात, तर बहुधा दाखल क्रमांकावर रेघ मारलेली किंवा 'रद्द' असा शिक्का असतो. तसं असेल तर पुस्तक तुमचं. तसं काहीच नसेल आणि वाचनालय अजून चालू असेल, तर त्यांना फोन करून विचारा. कुणीतरी नेऊन परत न दिलेलं पुस्तक रद्दीत गेलेलं असू शकतं. ते मागतील तर देऊन टाका, जीवावर आलं तरी. पण रद्द केलेलं असेल तर मागच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी उघडून लेखिकेला दाखवा. शिक्क्यांवर शिक्के असतील. आपलं पुस्तक कोणत्या तारखेला कुणाच्या तरी घरी गेलं होतं, हे लेखकाला दुसरीकडे कुठंच बघायला मिळत नाही. रॉयल्टीच्या कागदावर नुसता आकडा असतो.

रॉयल्टीवरून आठवलं. रद्दीतल्या पुस्तकातून लेखकाला काही मिळत नाही. तिथं प्रकाशकाचा स्टॉल लागेल, त्यावरून एक नवीन पुस्तक घ्या. पैसे असतील तर. नसतील तर घेऊ नका आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नका. नवीन पुस्तक विकत घेतल्याशिवाय सही नाही असा नियम मोठ्या शहरांत काही दुकानं करतात. आपल्याकडे मी तो कुठं पाहिला नाही, तरी फोनवर संयोजकांना विचारून घ्या.

सही आतल्या शीर्षकपानावर घ्यायची, जिथं पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव छापलेलं असतं. मुखपृष्ठावर नको, गुळगुळीत असतं, शाई धरत नाही. पान आधीच उघडून त्यात नावाची चिठ्ठी ठेवा म्हणजे गोंगाटात नाव चुकत नाही. चिठ्ठीवर नावं दोघांची लिहा. पेन साधं निळं बॉलपेन न्या. जेलपेनची शाई लवकर वाळत नाही, पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, आणि मोबाइल आधीच मागच्या माणसाच्या हातात देऊन ठेवा. टेबलाशी पोहोचल्यावर खिसे चाचपायला लागू नका.

पाया पडू नका. तुम्ही ६६, त्या तुमच्याहून लहान आहेत. वयानं मोठा माणूस वाकला की समोरच्याला कुठं बघावं ते कळत नाही, आणि मग तो पाया पडायला वाकतो, आणि मग दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. नमस्कार करा.

डाळ न्या. पाच किलो नको. आधीच शाली, नारळ, स्मृतिचिन्हं आणि कवींनी भेट दिलेले संग्रह यांनी त्यांची बॅग भरलेली असते, त्यात पाच किलोचं गाठोडं बघून संयोजकच ते मागच्या मागं कुठंतरी ठेवून देईल. पाव-अर्धा किलो, नीट बांधलेल्या पिशवीत, वर चिठ्ठी: 'घरची तूरडाळ', गावाचं नाव. तेवढी घरी पोहोचते आणि शिजतेही.

राहिला मुलगा आणि दुसरा वेचा. सहीनं सातबारा कोरा होत नाही, त्याचं म्हणणं बरोबर आहे. वाद घालू नका. फक्त त्या रविवारी संध्याकाळी मजुरांनी वेचलेल्या कापसाचा काटा करायला त्याला उभा करा. किलोकिलोचा हिशोब, चिल्लरची भानगड, 'माझं गाठोडं जड होतं, कमी कसं भरलं' हे एक दिवस त्यालाही ऐकू द्या. तुम्ही दोघं नसताना वेचा एक दिवस अडत असेल, तर ती गोष्ट कार्यक्रमापेक्षाही आधी सोडवायला पाहिजे.

जाताना दोघांची आधार कार्डं खिशात ठेवा. एसटीत ६५ वर्षांपुढं अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. तुमचं अर्धं, वहिनींचं अर्धं. यवतमाळला दोघं मिळून एका तिकिटात जाता.